वॉटर्स गेल्यानंतरचा पिंक फ्लॉइड

पिंक फ्लॉइडचे दोन चाहते भेटले की पहिली दहा मिनिटं अगदी गोडीगुलाबीत जातात. 'द डार्क साइड ऑफ द मून' थोर, यावर एकमत. 'विश यू वेअर हिअर'चा विषय निघाला की दोघांच्याही माना डोलतात. मग कोणीतरी 'द डिव्हिजन बेल'चं नाव काढतो आणि वादाला तोंड फुटतं. एक म्हणतो, रॉजर वॉटर्स गेला तिथेच बँड संपला, पुढचं सगळं नावावर चालवलेलं दुकान. दुसरा म्हणतो, डेव्हिड गिल्मरची गिटार वाजतेय तोवर फ्लॉइड आहे. तिसरा कोणी हजर असला तर तो दोघांनाही मोडीत काढतो : खरा फ्लॉइड १९६८ सालीच, सिड बॅरेटबरोबर संपला!

हा वाद आता जवळपास चाळीस वर्षांचा झाला. वाद घालणारे म्हातारे झाले, कॅसेटी गेल्या, सीडी गेल्या, रेकॉर्डी परत आल्या, तरी मुद्दे तेच आहेत. १९८७ चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन', १९९४ चा 'द डिव्हिजन बेल' आणि २०१४ चा 'द एंडलेस रिव्हर' हे तीन अल्बम पिंक फ्लॉइडचे म्हणायचे की नाही, हा तो प्रश्न. मला वाटतं, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. नाव कोणाचं, यावर आपण इतकी वर्षं भांडलो, की त्या तीन अल्बमांत काय वाजतंय ते नीट ऐकायचं राहूनच गेलं. आणि नीट ऐकलं तर तिघांची पत्रिका एक निघत नाही.

ज्यांनी ही भानगड जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात इतिहास सांगतो. १९६५ साली लंडनमध्ये हा बँड जमला : सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन. गाणी लिहायचा, गायचा तो बॅरेट. पहिला अल्बम १९६७ चा. त्याच सुमारास बॅरेटचं मन ताळ्यावर राहीना, म्हणून गिल्मरला आत घेतलं आणि १९६८ मध्ये बॅरेट बाहेर पडला. म्हणजे ज्याच्या जिवावर बँड उभा होता तो माणूस पहिल्या अल्बमनंतरच गेला, आणि उरलेल्या चौघांनी पाच वर्षांत 'डार्क साइड' काढून दाखवला. पुढे शब्दांची सगळी सूत्रं वॉटर्सच्या हाती गेली. १९७७ चा 'ॲनिमल्स', १९७९ चा 'द वॉल' ही मुख्यतः त्याची निर्मिती. 'द वॉल' होत असतानाच राइटला बँडमधून काढलं गेलं. त्या अल्बमच्या कार्यक्रमांत तो वाजवत होता, पण पगारी वादक म्हणून. १९८५ मध्ये वॉटर्स स्वतः बाहेर पडला आणि १९८६ मध्ये कोर्टात गेला. मी गेलो म्हणजे बँड संपला, आता हे नाव कोणी वापरू नये, असं त्याचं म्हणणं. गिल्मर आणि मेसन यांनी नाव सोडलं नाही. १९८७ च्या डिसेंबरात तडजोड झाली : नाव या दोघांकडे, 'द वॉल'चे हक्क वॉटर्सकडे. पुढे २०१३ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत, कोर्टात जाणं ही आपली चूक होती, असं वॉटर्सनेच मान्य केलं. चाहत्यांनी मात्र तो खटला अजून मागे घेतलेला नाही.

वॉटर्सच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. रॉक संगीतात त्याच्याइतकं सलग, एका विषयाभोवती बांधलेलं लिहिणारे फार थोडे झाले. पैसा, वेळ, वेड, युद्धात गेलेला बाप, शाळेतला छळ, या गोष्टी त्याने लाखो लोकांना एकत्र म्हणायला लावल्या. तो गेल्यावर शब्दांचं अंग लंगडं पडलं, यात शंका नाही. आणि 'मोमेंटरी लॅप्स' ऐकला की त्यांचा राग समजतो. त्या अल्बमवर नाव बँडचं आहे, पण बँड कुठे आहे? मेसनचा हात सुटलेला होता, म्हणून बरेचसे ड्रम्स जिम केल्टनर, कार्माइन ॲपिस अशा बाहेरच्या वादकांनी किंवा यंत्रांनी वाजवले. बास टोनी लेव्हिनची. राइट आला तो उशिरा, पुन्हा पगारावर, आणि आतल्या पानावरच्या फोटोत फक्त गिल्मर आणि मेसन. गाणी लिहायला गिल्मरने बाहेरचे साथीदार गोळा केले. कव्हरसाठी इंग्लंडमधल्या डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्यावर सातशेच्या आसपास खऱ्या खाटा वाहून नेल्या, पाऊस आला म्हणून सगळा खटाटोप पुन्हा केला. एवढी मेहनत त्या खाटांवर! आत मात्र १९८७ सालचा तो चकचकीत, थंड आवाज, जो त्या वर्षीच्या दहा दुसऱ्या रेकॉर्डांतही सापडेल. 'लर्निंग टू फ्लाय' गोड आहे, 'सॉरो'ची सुरुवातीची गिटार अंगावर येते, पण 'द डॉग्ज ऑफ वॉर' हे वॉटर्सची नक्कल करायला गेलेलं गाणं आहे आणि तसंच वाटतं. हा गिल्मरचा एकट्याचा अल्बम आहे, त्यावर पाटी दुसरी लावलीय, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

गंमत अशी, की हे खुद्द बँडलाही पटलेलं दिसतं. २०१९ मध्ये त्यांच्या नंतरच्या काळाचा मोठा संच निघाला, त्यात हा अल्बम नव्याने जुळवून दिला. मेसनने ड्रम्स पुन्हा वाजवले, राइटचं कीबोर्डवादन जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून काढून आत बसवलं. २०२१ मध्ये तो स्वतंत्रपणेही निघाला. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ एक ऐकून पाहा. गाणी तीच, गळा तोच, शब्द एकही बदललेला नाही, आणि तरी नवी आवृत्ती जास्त 'फ्लॉइड' वाटते. असं का होतं? वॉटर्स तर या आवृत्तीतही नाही. मग जे परत आलं ते काय?

याच प्रश्नाची दुसरी बाजू १९८३ च्या 'द फायनल कट'मध्ये सापडते. वॉटर्सचा हा बँडमधला शेवटचा अल्बम. फॉकलंडचं युद्ध नुकतंच झालेलं, त्याचा बाप दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओला पडलेला. त्या दोन जखमा एकत्र करून वॉटर्सने हे सगळं लिहिलं. मला हा अल्बम आवडतो. 'द गनर्स ड्रीम' रात्री एकट्याने ऐकण्यासारखं गाणं आहे. पण बँड म्हणून इथे काय उरलं होतं? राइट नाही. गिल्मर बारा गाण्यांपैकी एकातच पुढे येऊन गातो. निर्मात्यांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलेलं. आणि कव्हरवर छापलंय, की ही कृती रॉजर वॉटर्सची, वाजवली पिंक फ्लॉइडने. जो कायदा 'मोमेंटरी लॅप्स'ला लावायचा तोच 'फायनल कट'लाही लावावा लागेल. १९८७ चा अल्बम जर गिल्मरचा एकट्याचा, तर १९८३ चा वॉटर्सचा एकट्याचा. वॉटर्सवाले इथे गप्प बसतात. गिल्मरवालेही बसतात, कारण मग त्यांना पहिली गोष्ट कबूल करावी लागते.

देवळातल्या जत्रेची नाटकं ऐकत वाढलेल्या गोंयकाराला हा पेच नवा वाटायचं कारण नाही. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मागे राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीत आपल्या मंगेशीचे दीनानाथ पुढे आले, आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळीत गेले. आज दीनानाथांचं गाणं ऐकताना, ते बालगंधर्व नसलेल्या कंपनीत मोठे झाले, म्हणून कोणी कान झाकत नाही. पडद्यावर नाव कुठल्या मंडळीचं होतं, याची चौकशी अभ्यासक करतात. ऐकणारा गाणं ऐकतो.

मग बँड कशाने बँड होतो? माझं उत्तर साधं आहे. वाजवणारे एकमेकांचं ऐकताहेत का, एवढंच पाहावं. भजनात बसलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. गायक कितीही मोठा असो, पेटीवाला आणि पखवाजवाला त्याचं ऐकत नसतील आणि तो त्यांचं ऐकत नसेल, तर ते भजन उभं राहत नाही. पिंक फ्लॉइडमध्ये ही साथीची पेटी रिचर्ड राइटकडे होती. तो मुलाखतींत फार बोलला नाही, भांडणांत मागे राहिला. वॉटर्स की गिल्मर या वादात त्याचं नावही कोणी घेत नाही. पण 'डार्क साइड'मधली 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची चाल त्याची. 'अस अँड देम'चीही त्याची. गिल्मरची गिटार इतकी मोकळी, ऐसपैस वाटते ती खालून राइटने जमीन अंथरून दिलेली असते म्हणून. 'फायनल कट'मध्ये ती जमीन नाही. १९८७ च्या 'मोमेंटरी लॅप्स'मध्येही ती नाही. २०२१ च्या आवृत्तीत परत आलं ते हेच.

आता याच कसोटीवर 'द डिव्हिजन बेल' घ्या. १९९३ मध्ये गिल्मर, राइट आणि मेसन तिघे एका खोलीत बसले आणि काही न ठरवता नुसते वाजवत राहिले. त्यातून साठाहून जास्त तुकडे जमले. मग कोणते ठेवायचे यासाठी तिघांनी गुण दिले. राइटने आपल्या तुकड्यांना पैकीच्या पैकी आणि बाकीच्यांना शून्य दिलं, असा किस्सा सांगतात. मला त्या किश्शात राइटचा स्वार्थ दिसत नाही. दहा-बारा वर्षं ज्याला कोणी विचारलं नाही, त्याला पहिल्यांदा मत विचारलं गेलं, आणि त्याने ते दिलं! अकरा तुकड्यांपैकी पाचांवर त्याचं नाव आहे. करारात तो अजून पूर्ण सदस्य नव्हता, आणि याचं त्याला वाईट वाटत होतं. तरी तो वाजवतोय तो मालकासारखा.

पहिला तुकडा 'क्लस्टर वन'. शब्द नाहीत. आधी नुसता खरखराट, मग पियानोचे दोन सूर, त्यांना गिटारचं उत्तर, पुन्हा पियानो. दोन जुने मित्र खूप वर्षांनी भेटल्यावर एकदम विषयाला हात घालत नाहीत, तसं हे वाजतं. 'मरून्ड'मध्येही शब्द नाहीत. त्या तुकड्याला ग्रॅमी मिळालं. गिल्मरचा सूर लांब ताणत जातो आणि राइट त्याच्याखालून एकेक स्वर सरकवत राहतो. आणि मग 'वेअरिंग द इनसाइड आउट'. 'डार्क साइड'नंतर पहिल्यांदाच राइट एखाद्या गाण्यात मुख्य गायक म्हणून पुढे आला. गाणं आहे आत मिटून गेलेल्या, बोलणंच सोडून दिलेल्या माणसाचं, जो हळूहळू परत शब्दांकडे येतोय. शब्द दुसऱ्याचे आहेत, पण गळा राइटचा आहे. मागे सॅक्सोफोन वाजवतोय डिक पॅरी, 'डार्क साइड'मधलाच. ज्या बँडमधून त्याला काढलं त्याच बँडच्या नावाखाली तो हे गातोय, हे माहीत असेल तर ऐकताना गळा दाटून येतो. माहीत नसलं तरी गाणं चांगलंच आहे.

सगळ्या अल्बमचा विषयच बोलणं आणि न बोलणं हा आहे. 'कीप टॉकिंग'मध्ये स्टीफन हॉकिंगचा यंत्रातून येणारा आवाज आहे, टेलिफोन कंपनीच्या जाहिरातीतून घेतलेला. ज्याला स्वतःच्या गळ्याने बोलता येत नाही तोच बोलण्याचं महत्त्व सांगतोय. अल्बमचं नाव सुचवलं लेखक डग्लस ॲडम्सने. ब्रिटिश संसदेत मतदानासाठी सदस्यांना बोलावणारी घंटा ती डिव्हिजन बेल. बाजू निवडायची वेळ झाली, हे सांगणारी. कव्हरवर धातूची दोन प्रचंड डोकी एकमेकांसमोर उभी आहेत. नीट पाहिलं तर दोघांचा मिळून तिसरा चेहरा दिसतो. शेवटी 'हाय होप्स' : चर्चची घंटा, पियानोचा एकच धरून ठेवलेला सूर, केंब्रिजच्या बालपणाकडे मागे वळून पाहणारं गाणं. ते संपल्यावर थोडी शांतता, आणि मग अगदी हळू आवाजात एक फोन : बँडचा मॅनेजर बोलू पाहतोय आणि घरातलं लहान मूल फोन ठेवून देतं. संवादावरच्या अल्बमचा शेवट फोन ठेवण्याने! वॉटर्सने १९७९ मध्ये भिंत उभी केली. पंधरा वर्षांनी उरलेल्या तिघांनी, त्या भिंतीच्या अलीकडे उभं राहून, पलीकडच्याला हाक मारून पाहिली असं मला वाटतं. गिल्मरने हे कधी मान्य केलेलं नाही, आणि त्याने करावं असंही नाही.

या अल्बममध्ये उणिवा आहेत. तासाहून लांब आहे, आणि 'टेक इट बॅक'सारखं गाणं वगळलं असतं तर काही बिघडलं नसतं. ते ऐकताना मध्येच यू-टूचा अल्बम लागलाय की काय असं वाटतं. शब्द पुष्कळदा धूसर राहतात, वॉटर्सची धार त्यांना नाही. पण धार नाही म्हणून तो फ्लॉइड नाही, असं म्हणता येत नाही. 'डार्क साइड'पूर्वीच्या कितीतरी फ्लॉइडमध्ये शब्दांना धार नव्हती. 'एकोज' आपण शब्दांसाठी ऐकतो का?

उलट बाजूने पाहायचं तर १९९२ चा वॉटर्सचा 'अम्यूज्ड टू डेथ' ऐकावा. टीव्हीसमोर बसून युद्धाचा तमाशा पाहणाऱ्या जगावर त्याने जे लिहिलं, ते आज जास्तच खरं वाटतं. गिटारवर जेफ बेक, म्हणजे वाजवणाराही ऐरागैरा नाही. तरी ऐकताना जाणवतं, की इथे एक माणूस बोलतोय आणि बाकीचे त्याने सांगितलेलं वाजवताहेत. त्याला अडवणारं, 'हे दोन ओळी कमी कर' म्हणणारं कोणी नाही. गिल्मरकडे सांगायला कमी होतं, वॉटर्सकडे ऐकायला. दोघांची उणीव दोघांच्या अल्बमांत स्वच्छ दिसते.

'द एंडलेस रिव्हर'बद्दल चाहते सगळ्यांत जास्त चिडले. राइट २००८ च्या सप्टेंबरात गेला. त्यानंतर १९९३ च्या त्या बैठकीतले उरलेले तुकडे काढून, जोडून, काही नवीन भरून २०१४ मध्ये हा अल्बम आला. शब्दांचं गाणं एकच, शेवटचं. बाकी सगळं नुसतं वाजवणं. शिळ्या कढीला ऊत, असं अनेकांनी म्हटलं. हा आरोप निम्मा खरा आहे. काही तुकडे सुरू होतात, रंगतील असं वाटतं आणि तेवढ्यात संपतात. जुन्या फ्लॉइडची आठवण यावी म्हणून मुद्दाम ठेवलेल्या जागाही कळतात. पण मी हा अल्बम म्हणून ऐकत नाही. मृत्यूनंतर घरातली माणसं गेलेल्याचं कपाट उघडतात, त्यातल्या वस्तू एकेक करून बाहेर काढतात, तसा तो आहे. त्या वस्तू प्रदर्शनात मांडायच्या नसतात. पण ज्याने राइटला कधी वेगळं काढून ऐकलेलं नाही त्याने हा अल्बम जरूर ऐकावा. इथे त्याला झाकणारं काही नाही.

२००५ च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'लाइव्ह एट'साठी चौघे एकत्र आले, चोवीस वर्षांनी. चारच गाणी वाजवली. वॉटर्स खुशीत, गिल्मर गंभीर, राइट नेहमीसारखा मागे, मेसन आपल्या जागी. वर्षभरात बॅरेट गेला, आणखी दोन वर्षांनी राइट. आता चौघे कधी एकत्र येणं शक्य नाही. गिल्मर आणि वॉटर्स यांच्यातलं वैर तर पुढे राजकारणापर्यंत गेलं. २०२२ मध्ये युक्रेनसाठी गिल्मर आणि मेसन यांनी फ्लॉइडच्या नावाने एक गाणं काढलं, २०२३ मध्ये वॉटर्सने 'डार्क साइड' एकट्याने पुन्हा रेकॉर्ड केला. दोन्हीकडच्या चाहत्यांना भांडायला नवं लाकूड मिळालं.

आणि ज्या नावासाठी हे सगळं झालं त्याचं काय? २०२४ च्या ऑक्टोबरात सोनीने पिंक फ्लॉइडची ध्वनिमुद्रणं आणि नावाचे हक्क विकत घेतल्याचं वृत्त आलं, सुमारे चाळीस कोटी डॉलरना. म्हणजे वॉटर्सचं की गिल्मरचं, हा खटला आता निकालात निघाला. नाव कंपनीचं आहे. उद्या टी-शर्टवर, मगवर, कुठेही ते दिसेल आणि त्याला कोणाची हरकत चालणार नाही.

विकलं गेलं नाही ते एवढंच, की आपण काय ऐकतो आणि कसं ऐकतो. २००२ मध्ये बंगळूरला आणि २००७ मध्ये मुंबईत वॉटर्सला प्रत्यक्ष ऐकून आलेले आपल्याकडे आहेत. ते अजून त्या नशेत असतात आणि 'डिव्हिजन बेल'ला हात लावत नाहीत. त्यांना माझी एक विनंती आहे. कव्हर बाजूला ठेवा, कोणाचा बँड ते विसरा. आधी 'द फायनल कट' ऐका, मग 'द डिव्हिजन बेल', दोन्ही एका बैठकीत. पहिल्यात एक मोठा लेखक तुमच्याशी बोलेल. दुसऱ्यात तीन साधारण बोलणारी माणसं एकमेकांशी बोलताना ऐकू येतील. पहिल्याला तुम्ही जास्त गुण दिलेत तरी माझी तक्रार नाही. फक्त दुसऱ्याला न ऐकता शून्य देऊ नका. आणि ऐकताना एकदा तरी गिटार सोडून तिच्याखालच्या कीबोर्डकडे कान लावा.